पेपर ओला येतो, त्याचं कारण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपला अंक आमच्या घरी तीसेक वर्षं येतो आहे. गेली दोन वर्षं तो जरा ओला येतो. पावसाळ्यातच नव्हे, बाराही महिने, आणि नेमका मधोमध, घडीपाशी. ही तक्रार नाही आणि पेपर टाकणाऱ्या मुलाचा त्यात काही दोषही नाही. तो बिचारा खालच्या पायरीवर कोरडाच ठेवून जातो. तिथून दुसऱ्या मजल्यावर तो आणायचं काम बुवाकडे आहे, आणि बुवा हा लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा आहे.

हे सांगायचं निमित्त म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी आपल्याकडे छापून आलेलं एका वाचकाचं पत्र. सोसायट्यांमधली पाळलेली कुत्री दिवसभर भुंकतात, मालक कानांवर हात ठेवतात, तेव्हा अशा मालकांना जबर दंड करा, असा त्याचा मथितार्थ. त्या पत्रावरून आमच्या इमारतीत दोन तट पडले. मी अर्थातच कुत्रेवाल्यांच्या बाजूची. तरी मला त्या गृहस्थांचं म्हणणं पटलं. फक्त दंडानं मालक गप्प बसेल, कुत्रा बसणार नाही. तो भुंकतो कारण त्याला काम नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळं पत्र म्हणजे त्याचा पुरावा. लांबलं तर खुशाल कात्री लावा.

बुवा मुळात माझा नव्हे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलानं पुण्यात पिल्लू घेतलं, नाव ब्रुनो. 2022 मध्ये मुलगा आणि सून नोकरीसाठी जर्मनीला गेले. जाताना म्हणाला, "आई, सहाच महिने सांभाळ." ते सहा महिने अजून चालू आहेत. ब्रुनो हे नाव काही माझ्या जिभेवर बसेना, त्याचं बुवा झालं. आला तेव्हा एकेचाळीस किलो वजन. पहिल्या दोन महिन्यांत त्यानं सागवानी सोफ्याचा एक पाय, देवघरासमोरचा पाट, पाहुण्यांच्या चपला (नेहमी एकच, जोडी कधीच नाही) आणि टीव्हीचा रिमोट एवढं संपवलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातला प्रकार. दुपारी एक वाजला की गॅलरीत उभा राहून भुंकायचा. समोर कुणी असो वा नसो.

खालच्या मजल्यावरचे भाऊ सातपूरला कंपनीत आहेत, रात्रपाळी करून येतात. एका दुपारी ते वर आले. डोळे लाल. आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाले, "ताई, तीन दिवस झोप नाही हो." मी सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं परिचारिका होते, नाइट ड्यूटीनंतरची दुपारची झोप काय असते ते मला कुणी सांगायला नको. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग उपाय सुरू झाले. ज्याला विचारावं तो एकच सांगे: त्याला प्रेम कमी पडतंय. प्रेम? आमचे हे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. ते सकाळी त्याच्याशी गप्पा मारत, दुपारी त्याची पाठ खाजवत, संध्याकाळी त्याला मांडीवर घ्यायचा प्रयत्न करत. शेजारच्या पोरी येऊन त्याला मिठ्या मारत. महागातली खेळणी आणली, ती दहा मिनिटांत फाटली. खाऊ वाढवला, त्यानं वजन वाढलं. डॉक्टरांना दाखवलं; कान, दात, सांधे सगळं ठीक. (हे मात्र प्रत्येकानं आधी करावं. शांत कुत्रा एकाएकी ओरडायला लागला तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता असते.)

एके दिवशी सकाळी मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते, पेपर काखेत. गुडघा धरला म्हणून थांबले, तेवढ्यात पेपर निसटून चार पायऱ्या खाली गेला. बुवा वळला, खाली उतरला, पेपर तोंडात धरला आणि माझ्याही आधी वर जाऊन दारात उभा राहिला. मला वाटलं, गेला आजचा अंक. दार उघडल्यावर तो थेट स्वयंपाकघरात गेला, ओट्यापाशी माझी वाट बघत थांबला आणि मी हात पुढे केल्यावर पेपर सोडला. फाटलेला नाही, चावलेला नाही, नुसता ओला. सोफ्याचा पाय खाणारं हेच तोंड!

तेव्हा मला वॉर्डातल्या गॉजच्या घड्या आठवल्या. पूर्वी आमच्याकडे गॉजचे, म्हणजे मलमपट्टीच्या जाळीदार कापडाचे, थान यायचे. ते कापून, घड्या घालून, ड्रममध्ये भरून निर्जंतुक करायला पाठवायचे, हे काम कधी संपत नसे. ऑर्थोपेडिकच्या वॉर्डात पाय टांगलेले रुग्ण महिना-महिना पडून असायचे. सकाळपासून घंटा वाजवायचे: सिस्टर, पंखा, सिस्टर, उशी, सिस्टर, डॉक्टर कधी येणार? आमच्या थोरल्या सिस्टर अशा माणसासमोर स्वच्छ चादर अंथरायच्या, हात धुवायला लावायच्या आणि कापलेलं गॉज पुढ्यात ठेवून म्हणायच्या, "दादा, जरा मदत करा, आज माणसं कमी आहेत." दुपारपर्यंत घंटा बंद. दुसऱ्या दिवशी दादाच विचारायचे, आज गॉज आलं नाही का? त्या माणसांना आम्ही मायेनं वागवत नव्हतो असं नाही. पण मायेनं दिवस जात नाही.

म्हणून मी बुवाला ड्यूटी लावली.

हे एका दिवसात झालं नाही. पहिल्या आठवड्यात आपला अग्रलेख तीनदा आडवा फाटला. (लेखांविषयी त्याचं काही मत नसावं.) मी खेचायला गेले की त्याला वाटे रस्सीखेच चालू आहे. मग पेपर बाजूला ठेवला आणि जुन्या मोज्याच्या गुंडाळीवर शिकवणी घेतली. त्यानं मोजा तोंडात धरला की 'घे' म्हणायचं. माझ्याकडे आला की 'दे' म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं भाकरीचा तुकडा पुढे करायचा. तुकडा बघून तोंड उघडतं, मोजा पडतो, शाबासकी. आपण ओढायचं नाही, अदलाबदल करायची. चार दिवसांनी मोज्याच्या जागी जुना पेपर, गुंडाळून दोरा बांधलेला. मग एक जिना, मग दोन. तीन आठवड्यांनी दोरा काढला. आता सकाळी फिरून आलो की खालच्या पायरीशी मी नुसतं "बुवा, पेपर" म्हणते. तो मान उंच करून असा काही वर चढतो की आमच्या वॉचमनमामांनी एकदा त्याला सलाम ठोकला होता.

पुढे वाचनात आलं की यात माझं कौतुक फारसं नाहीच. लॅब्रॅडॉरचे पूर्वज आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे कुत्रे. बर्फासारख्या पाण्यात उडी मारून जाळ्याची दोरी नाहीतर सुटलेला मासा धरून आणायचं त्यांचं काम. तिथून ते इंग्लंडमध्ये गेले आणि शिकाऱ्यांनी पाडलेले पक्षी दात न लावता आणून देऊ लागले. म्हणजे वस्तू अलगद धरून माणसाच्या हातात देणं हे बुवाचं पिढीजात वतन. आपण ते वतन काढून घेतलं आणि बदल्यात त्याला सोफा दिला. त्याच्या हावरटपणालाही असंच मूळ सापडलं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भूक भागल्याची खबर देणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. आमचा त्या चौघांतला कोणता, ते त्याच्याकडे बघून कुणीही सांगेल.

पेपर जमला म्हणून मी हुरळून जाऊन पाव आणायचंही काम दिलं. कापडी पिशवीत सहा पाव, पिशवी त्याच्या तोंडात, मी मागे. पहिल्या दिवशी सहा पोचले. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणावर मी एका वहिनींशी दोन शब्द बोलले तेवढ्यात चार झाले. ती ड्यूटी रद्द. कोथिंबीर-कढीपत्ता मात्र तो इमानदारीनं आणतो, कारण त्यात त्याला रस नाही. दुपारी एकची, म्हणजे भुंकण्याची वेळ होती, तिथे मी 'शोध' लावला आहे. जेवणातला तिसरा हिस्सा वाटीत न देता घरभर लपवते: दाराआड, गोधडीच्या घडीत, उलट्या डब्याखाली. तो नाक जमिनीला लावून अर्धा तास खोल्या धुंडाळतो आणि मग असा झोपतो की घोरणं ऐकून खालचे भाऊ आता हसतात. साडेचारला ह्यांना उठवायचं कामही त्याचंच. पांघरूण ओढून नेतो. हे म्हणतात, "एवढी वर्षं देशाच्या नोटा छापल्या, पण या घरात माझ्यापेक्षा कुत्र्याला जास्त जबाबदाऱ्या."

भुंकणं पूर्ण थांबलं का? नाही. दारावर कुणी आलं की दोनदा भुंकतो. ते त्याला करू देते. मग "कळलं" म्हणते आणि तो पायपुसण्यावर जाऊन बसतो. वर्दी दिली, काम झालं. दुपारचं निरुद्देश भुंकणं मात्र साधारण दीड महिन्यात गेलं.

नातवानं यावरचे दोन अभ्यास मला फोनवर वाचून दाखवले. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांच्या जोड्या केल्या. एकाला कळ दाबून किंवा वस्तू हलवून स्वतःच्या करामतीनं बक्षीस मिळायचं, दुसऱ्याला तेच बक्षीस काही न करता, तेवढ्याच वेळानं. खाऊ सारखाच, पण स्वतः मिळवणाऱ्याची शेपटी जास्त हलायची. दुसरा अभ्यास 2019 चा: दोन आठवडे वासाचे खेळ खेळलेली पाळीव कुत्री अनोळखी परिस्थितीत जास्त आशेनं पुढे गेली; पायाला पाय लावून शिस्तीत चालायला शिकलेल्यांमध्ये तो फरक दिसला नाही. आता, पहिल्यात कुत्रे बारा आणि दुसऱ्यात वीस. एवढ्यावरून मी औषध बदलणार नाही. पण वाटी पुढ्यात सरकवण्याऐवजी लपवायला पैसे पडत नाहीत आणि साइड इफेक्टही नाही.

दुसऱ्या अभ्यासावरून मला फिरायला नेण्याची एक गोष्ट मात्र कळली. आम्ही आनंदवल्लीकडून नदीच्या बाजूनं जातो. माझ्या गुडघ्यामुळे मी रखडत चालते, त्यामुळे त्याला प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप सावकाश हुंगता येतं. माझं दुखणं त्याच्या पथ्यावर पडलं. गंगापूर रोडवर सकाळी बघा: कुत्रा फिरवायला ठेवलेला पोरगा एका हातानं मोबाइल बघतो, दुसऱ्यानं पट्टा खेचतो. कुत्रा खाली मान घालायला गेला की हिसका. दोन किलोमीटर होतात, पण कुत्रा जसा गेला तसा परत येतो.

माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं. वडिलांकडे काळ्या नावाचा गावठी कुत्रा होता. दिवसभर बाभळीखाली झोपायचा, रात्री कांद्याच्या चाळीभोवती फेऱ्या. कुणी त्याला मिठी मारली नाही, वाढदिवसाला केक कापला नाही, पण तो कंटाळलेला मी कधी पाहिला नाही. सुगी झाली की मेंढपाळ यायचे, शेतात मेंढ्या बसवायचे. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे, लांडग्या-बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून. त्या कुत्र्यांसमोर काळ्यासुद्धा शेपूट घालायचा. पण ते दिवस फार चांगले होते असं मी लिहिणार नाही. काळ्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि तो गेला. लस द्यायची असते हे आमच्या गावीही नव्हतं. पुढे नोकरीत मी लोकांच्या पोटात ती चौदा इंजेक्शनं दिली आहेत, त्यामुळे बुवाची रेबीजची तारीख माझ्या औषधांच्या तारखेआधी कॅलेंडरवर लिहिलेली असते.

काळ्याचं आणखी एक. राखण म्हणजे काम, म्हणून आपला कुत्रा रात्री अंगणात बांधून ठेवणारे काही बंगलेवाले मला माहीत आहेत. नदीकाठच्या आपल्या भागात बिबट्या दिसल्याच्या बातम्या आपणच छापता. साखळीला बांधलेला कुत्रा त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट आहे. राखण करायची तर घरात राहून, दाराच्या आतून. आणि एप्रिलच्या दुपारी ज्यांना हस्कीला (बर्फाळ मुलखातला दाट केसांचा कुत्रा) फिरवायची हौस आहे त्यांनी आधी आपल्या हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघावी.

शोधाचा खेळ कुणी करणार असेल तर नाशिककरांसाठी एक सूचना जरा ठळक छापा. द्राक्षं आणि मनुके-बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यानं होईल याचा भरवसा नाही. एखाद्याला थोडीशीही बाधतात. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आपल्या जिल्ह्याची दोन्ही नावाजलेली पिकं वर्ज्य. मागच्या फेब्रुवारीत इमारतीतल्या एका चिमुरडीनं मोठ्या प्रेमानं बुवाला द्राक्षांचा अख्खा छोटा घोस दिला. आम्ही तासाभराच्या आत डॉक्टरांकडे पोचलो, त्यांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, म्हणून निभावलं. घरी मिठाचं पाणी वगैरे पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. मी लपवते ते त्याचं रोजचं खाणं, उकडलेलं गाजर, नाहीतर भाकरी.

काम म्हणजे राबवणं नव्हे, हेही खरं. आमच्या शेजारी तेरा वर्षांची पॉमेरेनियन आहे. तिला दिसत नाही. तिचं काम एकच: संध्याकाळी घंटा वाजली की वास आणि आवाजावर देवघरापर्यंत यायचं, आरती संपेस्तोवर बसायचं आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन परत जायचं. सहा पावलांचा प्रवास. घरातली माणसं तिच्यासाठी थांबतात, तिला उचलून आणत नाहीत. मला ते फार आवडतं.

बुवाला पेपर म्हणजे काय ते माहीत आहे असा माझा दावा नाही. पोलिसांच्या पथकातल्या कुत्र्यालाही स्फोटकं म्हणजे काय ते ठाऊक नसतं. अमुक वास सापडला की चेंडू मिळतो, एवढंच त्याचं गणित. पण तो वास सापडल्यावर तो साहेबाकडे कसा बघतो, आणि पेपर दिल्यावर बुवा माझ्याकडे कसा बघतो, ते एकदा पाहावं. ज्यांनी दंडाचं पत्र लिहिलं त्यांना माझं निमंत्रण आहे. सकाळी साडेसहाला या, चहा घ्या, बघा. आणि त्यांच्या शेजारच्या कुत्र्याच्या मालकांनाही बरोबर आणा. मोजा मी देईन.

आता संपादक म्हणून आपल्याकडे दोन विनंत्या.

एक, सुट्या जाहिरातपत्रकांची. पेपरच्या पोटातून ती जिन्यात गळतात. बुवा पेपर वर ठेवतो आणि प्रत्येक कागदासाठी पुन्हा खाली जातो. मागच्या दसऱ्याला त्यानं फर्निचरच्या सेलचे, क्लासचे आणि मिठाईचे मिळून सात कागद सात फेऱ्यांत आणले. दमला.

दुसरी, सुट्टीची. लक्ष्मीपूजनाची सुट्टी असली की दुसऱ्या दिवशी अंक नसतो आणि ती सूचना आपण आतल्या पानावर एका कोपऱ्यात छापता. गेल्या दिवाळीत ती माझ्या नजरेतून सुटली. बुवा सकाळी खाली गेला आणि वर आलाच नाही. जाऊन बघते तर शेवटच्या पायरीवर फाटकाकडे तोंड करून बसलेला. दहा मिनिटं समजावलं, हलेना. शेवटी ह्यांनी रद्दीतला एक अंक घेतला, पलीकडच्या जिन्यानं उतरले, फाटकाबाहेरून आले आणि पेपर टाकणाऱ्या मुलासारखा पायरीवर टाकला. चष्मा कपाळावर, अंगात बनियन. तेव्हा सूचना कृपया पहिल्या पानावर घ्या, म्हणजे आदल्या रात्रीच जुना अंक काढून ठेवता येईल. ह्यांचं वय आता चौऱ्याहत्तर आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
गंगापूर रोड, नाशिक
(नाव छापू नये. खालच्या भाऊंनी हे पत्र वाचलं आहे, त्यांची हरकत नाही.)